टीव्हीवरची ती भांडणं खरी असतात का?

प्रश्न: ताई, हॉलीवूडचा अॅक्टर वॉकिन फिनिक्सचा, डेव्हिड लेटरमनच्या अमेरिकन टॉक शोमधला जुना व्हिडिओ बघितला. दाढी, काळा गॉगल, धड एक उत्तर देत नाही. कॉलेज रोडला चहा घेताना आमच्या ग्रुपमध्ये यावरून जाम वाजलं. मी म्हणते बिचाऱ्याची टर उडवली, बाकीच्या म्हणतात सगळं ठरवून असतं. नक्की काय? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: अगं, टर उडवली हे खरंय, पण बिचारा मात्र नव्हता तो. फेब्रुवारी २००९ चा एपिसोड आहे, अॅक्टिंग सोडून हिपहॉप करणार असं सांगत आला होता, आणि शेवटी लेटरमन म्हणाला, तुम्ही आज इथे येऊ शकला नाहीत याचं वाईट वाटतं. २०१० मध्ये कळलं की ते सगळं एका फिल्मसाठी घेतलेलं सोंग होतं, मग त्याच शोमध्ये परत येऊन त्याने माफी मागितली.

असे शो रात्री दिसले तरी बहुतेक वेळा शूटिंग संध्याकाळीच उरकलेलं असतं, आणि त्याआधी टीममधलं कोणीतरी पाहुण्याशी फोनवर बोलून काय विचारायचं, कुठला किस्सा घ्यायचा ते ठरवतं.

पाहुण्याला त्याच्याच वागण्याबद्दल कितीही टोकाचं विचारा, मला चालतं. जुलै १९९५ मध्ये ब्रिटिश अॅक्टर ह्यू ग्रँटला नुकतीच अटक होऊन गेलेली, तरी आधी ठरलेला इंटरव्ह्यू त्याने टाळला नाही, अमेरिकन टॉक शोचा होस्ट जे लेनो याने थेट विचारलं, तुझ्या डोक्यात होतं तरी काय, आणि त्याने सरळ सांगितलं की मी चुकीचं वागलो. चांगला इंटरव्ह्यू होता तो!

खरा त्रास होतो तो समोर नसलेल्या माणसांवर हसतात तेव्हा. जानेवारी २०१९ चं कॉफी विथ करण आठव. हार्दिक पंड्या मुलींबद्दल जे बोलला ते ऐकवत नव्हतं, आणि त्या मुली उत्तर द्यायला तिथे नव्हत्याच. बीसीसीआयने त्याला आणि के. एल. राहुलला सस्पेंड करून ऑस्ट्रेलियाहून परत बोलावलं, नंतर दोघांना वीस-वीस लाखांचा दंड झाला. एपिसोड हॉटस्टारवरून काढला, करण जोहरनेही पुढे जबाबदारी घेतली. पण हे सगळं बोंब झाल्यावर ना! लाइव्ह नव्हतं गं ते, एडिटिंगला बसलेल्यांनी आधी बघितलं असणारच, तरी ठेवलं, माझा सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर आहे.