‘डफी-ऋण’ नव्हे, ‘डफीरहित’

प्रश्न असा आहे : ‘ओ निगेटिव्ह’ला काही जण ‘ओ ऋण’ म्हणतात, तर मलेरियावरच्या लेखांत भेटणाऱ्या ‘डफी निगेटिव्ह’ला, म्हणजे तांबड्या पेशींवर ‘डफी’ हे प्रथिन नसलेल्यांना, ‘डफी-ऋण’ म्हणावे का?

मुळीच नाही. ‘निगेटिव्ह’ दिसले की ‘ऋण’ डकवायचे, ही खोड आता पुरे. ऋण म्हणजे देणे. ते काढावे लागते आणि फेडावे लागते. ब्रह्मगुप्ताने 628 साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त संख्यांना धन आणि ऋण म्हटले, ते किती नेमके! तेवढेच धन आणि तेवढेच ऋण मिळाले की शून्य, हा त्याचा नियम. शंभराचे देणे होते, शंभर हाती आले, हिशेब मिटला. विद्युतप्रभारालाही हे शब्द शोभतात, कारण तिथेही दोन्ही एकमेकांना मिटवतात. ऋण शून्याच्या खाली असते. रक्तगटात शून्याखाली काय आहे? तांबड्या पेशीवर अमुक प्रतिजन (रक्तगट ठरवणारी खूण, अँटिजन) आहे किंवा नाही, एवढेच. ‘ओ’ गट तर मुळात ए आणि बी दोन्ही नसल्याचेच नाव!

या ‘नाही’साठी आपल्याकडे वैशेषिक दर्शनाचा ‘अभाव’ तयार आहे. तो डावलून परिभाषा घडवणाऱ्यांनी गणितातला शब्द रक्तात आणला, हे मला साफ नामंजूर आहे. नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचे, उदाहरण आठवा : ‘भूतले घटो नास्ति’. या जमिनीवर घट नाही. शेजारच्या खोलीत असेलही. डफीचे हुबेहूब असेच आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांत हे प्रथिन घडवणारे जनुक शाबूत असते. फक्त त्याच्या आधीच्या, जनुक चालू-बंद करणाऱ्या भागात डीएनएच्या ‘टी’ या अक्षराच्या जागी ‘सी’ आलेला असतो. तेवढ्याने तांबड्या पेशीवर डफी उमटत नाही, पण रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर उमटते. अभाव आहे, पण ठरावीक जागीच.

‘डफी’ हे आडनाव आहे. हिमोफिलियामुळे अनेकदा रक्त घ्यावे लागलेल्या एका रुग्णाचे. गट जाहीर झाला 1950 साली. ‘डी’ हे अक्षर आरएच गटाकडे आधीच गेले होते, म्हणून आडनावाची शेवटची दोन अक्षरे घेऊन ‘एफवाय’ हे चिन्ह केले.

तेव्हा ‘डफीरहित’ म्हणा. आणि ‘डफीरहितांना मलेरिया होतच नाही’ असे मात्र लिहू नका. डफी हे मलेरियाच्या व्हायव्हॅक्स या परजीवीचे पेशीत शिरायचे मुख्य दार. मलेरियाच्याच फाल्सिपेरम या दुसऱ्या परजीवीला त्याची गरज नाही. मादागास्करमध्ये तर डफीरहितांच्या रक्तातही व्हायव्हॅक्स सापडला आहे.