वाचकांचे प्रश्न : गुजरीला पैसा कोणत्या खात्यातून?

आमच्या गावाचा आठवडी बाजार, म्हणजे गुजरी, राज्य मार्गावरच भरतो. वित्त आयोगाच्या पैशातून ओटे आणि शेड बांधायचं ठरवलं, तर ग्रामसेवक म्हणतात, "एवढा निधी नाही." खात्यात तर रक्कम दिसते. खरं काय?
— ग्रामपंचायत सदस्य, उमरेड तालुका

दोघंही खरं बोलताय. खात्यातला सगळा पैसा मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतीच्या निधीचे दोन भाग केले. ६० टक्के बंधित: त्यातला निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि सांडपाण्याच्या पुनर्वापराला. उरलेला ४० टक्के अबंधित. तो गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येतो, पण पगार आणि कार्यालयीन खर्चाला चालत नाही. आयोग बदलला की ही टक्केवारीही बदलते (२०२०-२१ मध्ये हीच वाटणी निम्मी-निम्मी होती), म्हणून आधी पंचायत समितीतून चालू वर्षाचं परिपत्रक मागून घ्या.

तुमच्या कामाची गोम अंदाजपत्रकात आहे. 'आठवडी बाजार विकास' असं एकच काम दाखवलं की ते पूर्णपणे अबंधित निधीवर पडतं आणि तिथेच अडतं. त्याची फोड करा. बाजारातलं स्वच्छतागृह, कचरा गोळा करण्याची जागा, पाण्याचा नळ, सांडपाण्याचा शोषखड्डा ही कामं बंधित भागात बसतात. ओटे आणि शेड अबंधित भागातून करा. तेही पुरत नसेल, तर 'पंचवीस-पंधरा' म्हणजे ग्रामविकास खात्याच्या लेखाशीर्ष २५१५ मधून किंवा आमदार निधीतून मागा. खासदार निधीत वर्षाला ५ कोटी असतात, पण खासदार फक्त शिफारस करतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते. रोजच्या देखभालीला त्यातून छदामही मिळत नाही.

काम ग्रामविकास आराखड्यात नसेल तर पुढे सरकतच नाही. आराखडा ई-ग्रामस्वराज प्रणालीवर चढवला जातो आणि देयकाला सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांची डिजिटल स्वाक्षरी लागते. काम आराखड्यात घेण्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा, आणि गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती. हजेरीपटावर सह्या नंतर घरोघर फिरून घेतलेली सभा तक्रार झाली की टिकत नाही.

जागेचा कागद मात्र ठरावाच्याही आधी पाहा. सातबारा कोणाच्या नावे आहे? सरकारी जमीन असेल तर महसूल खात्याची परवानगी लागते. रस्त्याच्या हद्दीत सार्वजनिक बांधकाम खातं पक्कं काम करू देणार नाही. प्रशासकीय मान्यता मिळूनही पडून राहिलेल्या कामांत जागेच्या कागदाची अडचण हमखास सापडते.

आता ओट्यांचं. गावोगावी ओटे रिकामे आणि विक्रेते खाली रस्त्यावर, हे चित्र कशामुळे दिसतं? एक, ओटा ७५ सेंटिमीटर उंच बांधलेला असतो. भाजीवाली बाई त्यावर दिवसभर चढ-उतर करू शकत नाही आणि गिऱ्हाईकालाही माल निवडता येत नाही. ४५ सेंटिमीटर पुरे. दोन, बाजार एसटीच्या थांब्यापासून दूर नेलेला असतो. माणसं उतरतात तिथेच बाजार भरतो, तो आदेशाने हलत नाही. म्हणून आराखडा काढण्याआधी दोन बाजारांच्या दिवशी सकाळी १० आणि संध्याकाळी ५ वाजता कोण कुठे बसतं हे कागदावर मांडा, आणि जास्तीत जास्त भरलेल्या आकड्यापेक्षा ओटे थोडे कमीच धरा. डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ओटा नको असतो. त्याला दाबलेल्या मुरुमाची सपाट, पाणी न साचणारी जागा द्या.

मापं अशी धरता येतील: ओटा २.४ बाय १.८ मीटर, वर १०० मिलिमीटरचा काँक्रीटचा थर. एका ओट्याला ०.४३ घनमीटर, २० ओट्यांना साधारण ८.६ घनमीटर. एम-२० काँक्रीटला घनमीटरमागे ८ पोती धरली तर सिमेंट ७० पोत्यांच्या आसपास. पाया, भिंत, गिलावा वेगळा. दोन रांगांमध्ये ३ मीटर तरी वाट ठेवा. दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक उभं राहिलं की मधून सायकल जायला तेवढी लागतेच. ओट्याला नालीकडे उतार द्या, नाहीतर भाजीवर शिंपडलेलं पाणी तिथेच कुजतं. शेडचे पत्रे खालच्या कडेला निदान ४ मीटर उंच असू द्या आणि वर हवा जायला फट ठेवा. नागपूरकडच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो; अडीच मीटरवरच्या पत्र्याखाली कोण बसेल? दोन कडुनिंब त्याहून बरे. अंदाजपत्रकात १८ टक्के जीएसटी वेगळा धरायला विसरू नका. तो सुटला की रक्कम कमी पडते आणि मग शेवटी कापली जाते ती नेमकी नाली.

बांधून झाल्यावर झाडायचं कोणी? बाजार वसुलीचा ठेका देतानाच सफाईची अट करारात घाला.

इतवारीत आमचं दुकान आहे. गल्लीचं सुशोभीकरण होणार म्हणतात. दुसऱ्या बाजारात गट्टू (फरसबंदीचे काँक्रीट ठोकळे) बसवल्यावर वर्षभरात उखडले आणि गिऱ्हाईकही तुटलं. आम्ही महापालिकेकडे नेमकं काय मागावं?
— व्यापारी, नागपूर

दिव्याचे खांब आणि कमान सगळ्यात शेवटी मागा. आधी जमिनीखालचं. मलवाहिनी, पाण्याची लाइन, वीज आणि इंटरनेटच्या केबल यांचं काम पूर्ण झाल्याशिवाय वरचा थर टाकू नये, आणि पुढे लागतील म्हणून रस्त्याखाली आडवे रिकामे पाइप टाकून ठेवावेत. गट्टू उखडण्यामागे बहुतेक दोन कारणं असतात: नंतर केबलसाठी खोदून खालची चुरी (दगडाचा बारीक चुरा) न दाबता परत बसवलेले असतात, किंवा पायी चालण्याच्या जाडीचे गट्टू मालवाहू ऑटोखाली घातलेले असतात. पदपथाला ६० मिलिमीटर चालतात. गाडी जाणार तिथे ८० मिलिमीटर हवेत, आणि कडेला काँक्रीटची पट्टी हवी, नाहीतर रांग सरकते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट लागते, बाजारपेठेत २.५ मीटर; कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना एवढी जागा निघतच नाही. तिथे उंच पदपथाचा हट्ट सोडा. संपूर्ण गल्ली एकाच पातळीत, मध्ये किंवा एका कडेला झाकलेली नाली, आणि माल उतरवायच्या ठरलेल्या वेळा, एवढं पुरतं. सेंट्रल अव्हेन्यूवर चितार ओळ किंवा अग्रसेन चौक स्थानकात मेट्रोतून उतरलेल्या माणसाला तुमच्या दुकानापर्यंत न अडखळता चालता आलं, तर वाहनतळाचं अर्धं रडगाणं तिथेच कमी होतं.

गिऱ्हाईक तुटतं ते कामाच्या काळात. संपूर्ण गल्ली एकदम खोदू देऊ नका. शंभर-शंभर मीटरचे टप्पे, दुकानासमोर फळ्या, आणि काम दिवाळीनंतर सुरू होऊन जूनच्या पावसाआधी संपेल असं वेळापत्रक निविदेतच लिहून घ्या. दोषदायित्वाचा कालावधी किती आणि अनामत कधी परत जाणार, हेही विचारा. त्या काळात उखडलेलं ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं, पण लेखी तक्रार नसली की तारीख निघून जाते.

फेरीवाल्यांना हटवल्याने बाजार सुधारेल, ही समजूत मात्र आम्हाला पटत नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले असतात आणि हलवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस लागते. पायी येणारं गिऱ्हाईक पुष्कळदा त्यांच्यामुळेच थांबतं. त्यांच्या जागा आराखड्यात आखून घ्या.

आमच्या बचतगटाला संत्र्याचं प्रक्रिया युनिट टाकायचंय. ३५ टक्के अनुदान हातात मिळतं का?
— बचतगट अध्यक्षा, काटोल तालुका

हातात नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं: प्रकल्पाच्या ३५ टक्के, वैयक्तिक उद्योगाला जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. १२ लाखांच्या प्रकल्पात १.२ लाख तुमचे, १०.८ लाख बँकेचं कर्ज, आणि ४.२ लाख अनुदान बँकेतच वेगळ्या खात्यात तीन वर्षं राहतं. युनिट चालू असेल आणि हप्ते थकले नसतील, तरच ते कर्जात वळतं होतं. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. गटातल्या सदस्यांना मिळणारं ४० हजारांपर्यंतचं बीजभांडवल हेही परतफेडीचंच आहे. योजनेची सध्याची मुदत आणि निकष जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारूनच मशीनचं कोटेशन घ्या.

नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो, कारण बिया आणि पांढऱ्या सालीतलं लिमोनिन. बिया चिरडणारं मशीन घेऊ नका. शिवाय आंबिया बहाराचं फळ नोव्हेंबर-डिसेंबरला आणि मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे फळ वर्षभर नसतं. हप्ते मात्र बाराही महिने असतात. आवळा, लिंबू, कैरी त्याच मशीनवर चालेल का, हे प्रकल्प अहवालात दाखवा.

काम झालं असं कागदावर आहे, गावात दिसत नाही. काय मागावं?
— एक वाचक, कुही तालुका

माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत, अर्ज करा: प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, देयक आणि पूर्णत्वाचा दाखला. उत्तराची मुदत ३० दिवस. कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो त्याच अर्जात मागा. मोजमाप पुस्तिका हाती आली की लांबी-रुंदीचे आकडे घेऊन टेपने जागेवर मोजा.