सिद्धता, उपपत्ती की ताळा?

मुलुंडच्या एका गणित-शिक्षिकेने विचारलं आहे : संगणकाने तपासलेल्या प्रमेयाला 'सिद्धता आहे' म्हणावं का? की 'पुरावा' किंवा 'ताळा' म्हणणं बरं?

पुरावा कोर्टातला; तो सबळ असतो किंवा तोकडा. गणितात तशी उतरंड नाही. 'ताळा' मात्र जवळचा वाटतो, म्हणून त्यावर थांबतो. आजोबा गिरगावातल्या दुकानाची वही लिहीत, तेव्हा प्रत्येक गुणाकाराला नवाचा ताळा घेत. ४७ × ३५ = १६४५. ४७ च्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २. ३५ ची ८. दोन अठ्ठे सोळा, म्हणजे ७. उत्तराच्या अंकांची बेरीजही १६, म्हणजे ७. जुळलं! पण घाईत १६५४ लिहिलं गेलं तरी ताळा जुळतोच. ताळा चूक दाखवतो, उत्तर बरोबर असल्याची हमी देत नाही.

लीन ही सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासणारी संगणक-प्रणाली; तिचं काम वेगळं आहे. शाळेतली भूमितीची वही आठवा : पक्ष, साध्य, सिद्धता, आणि खाली 'विधान' व 'कारण' असे दोन रकाने. लीन कारणाचा रकाना कधीच मोकळा सोडू देत नाही. एखादी पायरी जमत नसेल तर तिथे 'सॉरी' असा शब्द लिहून पुढे जाता येतं, पण तो शब्द आहे तोवर काम अपुरंच धरलं जातं. यातून पार पडलेलं लिखाण ही सिद्धताच. मग ते माणसाने लिहिलेलं असो की २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे सहापैकी ३ प्रश्न लीनमध्ये सोडवणाऱ्या अल्फाप्रूफ या एआय प्रणालीने. चॅटबॉटने झरझर लिहून दिलेल्या उत्तराला मात्र तपासल्याशिवाय मी 'युक्तिवाद'च म्हणेन.

मग अडखळायला का होतं? कारण 'का?' हे कळलेलं नसतं. कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो, शेजारी कधी एकरंगी होत नाहीत, हे अपेल आणि हाकेन या गणितज्ञांनी १९७६ साली दाखवलं; त्यासाठी दीड-दोन हजार आकृतिबंध संगणकाकडून तपासून घेतले. पुढे २००५ मध्ये गाँतिए यांनी या प्रमेयाची सिद्धता लीनसारख्याच कॉक या प्रणालीत पायरीपायरीने पडताळली. शंकेला जागा उरली नाही, तरी चारच का, हे एका मनाच्या कवेत येत नाही.

हे जे उणं राहतं त्यासाठी आपल्याकडे जुना शब्द आहे : उपपत्ती. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली, तीत नियमांच्या उपपत्ती दिल्या आहेत, म्हणजे नियम का चालतो ते उलगडलं आहे. आज आपण हा शब्द 'थिअरी'साठी खर्च करतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा बाई, वर्गात निःशंक सांगा : चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता झाली आहे, संगणकाने तिची पडताळणीही केली आहे, मनाला पटेल अशी उपपत्ती मात्र अजून हवी आहे.