टाकलेली नोंद सापडत का नाही?

प्रश्न : मी जिनिंगच्या काट्यावर हिशेब पाहतो. कापसाच्या गाड्यांच्या नोंदी जावामध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये ठेवतो. मौजा, गट क्रमांक आणि हिस्सा मिळून एक किल्ली केली आहे. हॅशमॅपमध्ये, म्हणजे किल्लीवरून नोंद शोधून देणाऱ्या जावातील रचनेत, नोंद जाते. पण तेच तीन तपशील देऊन शोधले की ‘नल’, म्हणजे ‘काही सापडले नाही’ असे उत्तर, मिळते. चूक कोठे असावी?
— एक वाचक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : किल्लीच्या क्लासमध्ये आपण इक्वल्स (दोन किल्ल्या समान आहेत का ते सांगणारी) आणि हॅशकोड (किल्लीवरून एक आकडा काढणारी) या मेथड लिहिलेल्या नसाव्यात. त्या नसल्या की जावा दोन किल्ल्या समान तेव्हाच मानते, जेव्हा त्या मेमरीतील एकच ऑब्जेक्ट असतात. त्यामुळे शोधताना नव्याने केलेली किल्ली, तपशील तेच असूनही, परकी ठरते.

नुसती इक्वल्स लिहून भागणार नाही. हॅशमॅप आधी हॅशकोडवरून खण ठरवतो आणि मग त्या खणातल्याच किल्ल्या इक्वल्सने ताडून पाहतो; म्हणून समान किल्ल्यांचा हॅशकोड समान असलाच पाहिजे. असमान किल्ल्यांचा हॅशकोड जुळला तर मात्र उत्तर चुकत नाही, खणात गर्दी होऊन शोध मंदावतो एवढेच. हॅशकोड म्हणून गट आणि हिस्सा यांची नुसती बेरीज घेतली, तर गट 12 हिस्सा 3 आणि गट 3 हिस्सा 12 या दोन्हीकडे 15 येते. गटाला 31 ने गुणून हिस्सा मिळवला, तर 375 आणि 105 असे आकडे वेगळे पडतात.

तिन्ही तपशील जोडून एकच स्ट्रिंग (सलग मजकूर) करण्याची पळवाट मला पसंत नाही. मध्ये चिन्ह न घातल्यास एकाच मौजातील गट 1 हिस्सा 23 आणि गट 12 हिस्सा 3 हे दोन्ही ‘123’ होतात, आणि येथे वेगाचा प्रश्न उरत नाही, एकाचा कापूस दुसऱ्याच्या नावावर चढतो.

आपल्याकडे जावा 16 किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर किल्ली ‘रेकॉर्ड’ (नुसते तपशील ठेवण्यासाठीचा क्लासचा प्रकार) म्हणून लिहावी. दोन्ही मेथड आपोआप मिळतात आणि घटक नंतर बदलता येत नाहीत. हे दुसरे महत्त्वाचे आहे, कारण फेरफार झाला म्हणून हॅशमॅपमधल्या किल्लीचाच हिस्सा बदलला, तर ती जुन्याच खणात राहते आणि शोध नव्या खणात होतो. जुनी नोंद काढून नव्या किल्लीने टाकावी.

एक गोष्ट मात्र रेकॉर्डही सांभाळत नाही. काट्यावर कोणी ‘वडगाव’ लिहितो, कोणी ‘वडगांव’. इक्वल्सच्या लेखी ती दोन गावे आहेत. म्हणून किल्लीत मौजाच्या नावाऐवजी गावाचा सांकेतांक घ्यावा.