गायतोंड्यांच्या चित्रात नेमकं बघायचं काय?

तुम्ही विचारलंय की चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रात काहीच दिसत नाही, मग एवढं नाव कशाचं? खरं तर ‘काय काढलंय’ हे शोधणं सोडलं की ते दिसायला लागतं. स्वतः गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घ्यायचे नाहीत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठलीही वस्तू न दाखवणारी, म्हणायचे.

जन्म 1924, नागपूर; घराणं गोव्याचं. 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका. सुरुवातीला माणसं, आकृत्या काढल्या, पुढे स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले अभ्यासला, झेन या बौद्ध ध्यानपरंपरेकडे वळले आणि आकृत्या गळत गेल्या. 1964 मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले.

कधी चित्र समोर आलं तर जवळ जा. रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या सुरीने) रंगाचे पातळ थर चढवलेले, मग काही ठिकाणी खरवडलेले. ओल्या रंगावर कागदाचे फाटके तुकडे दाबून उचलायचे, त्याचे ठसे राहतात. म्हणून आतून उजेड आल्यासारखा वाटतो. मोबाईलवर यातलं निम्मंही कळत नाही.

1971 मध्ये पद्मश्री, पुढच्या वर्षी मुक्काम दिल्लीला. 1984 मध्ये झालेल्या एका अपघातानंतर मोठे कॅनव्हास बराच काळ थांबले. 2001 मध्ये गेले. कोट्यवधींचे लिलाव नंतरचे. ते हयात असताना फारशी गर्दी नव्हतीच.