आधी चोपन्न ओळी

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची, उत्तराचं पुन्हा तेच करायचं; प्रोग्रॅमने अशा चार अंकी सगळ्या संख्या तपासल्या, चारही अंक सारखे असलेल्या सोडून एकूणएक ६१७४ वर येऊन थांबल्या, आणि आता तू विचारतेस की माणसाने करायला उरलं काय, एम.एस्सी.ला गणित घेऊ की पणजीतली नोकरी धरू. अगं, तू अजून काही केलेलंच नाहीस. तपासलं ते यंत्राने. वही उघड आणि हाताने कर.

१९६१ घे, आपल्या मुक्तीचं साल. उतरत्या क्रमाने ९६११, चढत्या क्रमाने ११६९, वजाबाकी ८४४२. पुढे तसंच: ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. सात वजाबाक्या. कुठल्याच संख्येला याहून जास्त लागत नाहीत. आता ८६१० घे. पहिली वजाबाकी पुन्हा ८४४२! ९७२१ घे, तेच. इथे हात थांबला पाहिजे. का?

सगळ्यात मोठ्या अंकातून सगळ्यात लहान वजा कर, त्याला ९९९ ने गुण. अंक क्रमाने लावल्यावर मधे येणाऱ्या दोन अंकांच्या फरकाला ९० ने गुण. बेरीज कर, झाली तुझी वजाबाकी. १९६१ साठी हे फरक ८ आणि ५, म्हणजे ७९९२ अधिक ४५०. मूळ अंक कोणते होते, याच्याशी पुढे काही देणंघेणं उरत नाही. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. अशा जोड्या भरतात ५४. दहा हजारांच्या ५४ झाल्या! एवढ्या ओळी एका संध्याकाळी हाताने होतात.

द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, १९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागलं की येतात ३४३, सातचा घन. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नावही त्यांचंच. त्या काळी शाळामास्तराच्या हाताशी कागद-पेनाखेरीज दुसरं काय असणार?

फोंड्याकडच्या शाळेत मी नववीला यावर दोन तास घालवले आणि पोर्शन मागे पडला म्हणून बोलणी खाल्ली. आजही तेच करीन. हातचा घेताना अडखळणारी मुलं त्या दोन तासांत वजाबाकी शिकली; पोर्शन काय, नंतर पुरा झालाच. खंत आहे ती निराळीच. तीन अंकांना ४९५ मिळते, पाच अंकांना मात्र जिथे येऊन थांबावं अशी एकही स्थिर संख्या नाही, त्याच त्याच संख्यांचे फेरे पडतात. ते का, हे हाताने उलगडायचं मी निवृत्तीसाठी राखून ठेवलं. आता डोळे साथ देत नाहीत. तू राखून ठेवू नकोस.

आणि याचा उपयोग काय, हे मला विचारू नकोस. ज्यांनी तुला ते विचारलं त्यांनी ५४ ओळी लिहिलेल्या नाहीत.

लिहिताना नुसता कंटाळा आला, तर खुशाल नोकरी धर, माझी हरकत नाही. पण त्या ५४ मधल्याही काही ओळी पुढे एक होताना दिसल्या आणि त्या का एक होतात म्हणून जेवण थंड झालं, तर एम.एस्सी.चा फॉर्म भर. शेवटची तारीख आजच बघून ठेव.

तुझे सर