ऋत की ऋतम?

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलगा होवो वा मुलगी, नाव ‘ऋत’च (सत्य, सृष्टीचा नियम) ठेवायचं हे तुम्ही दोघांनी ठरवलंय, वाचून फार आनंद झाला. इंदूरला सासरी मात्र ‘नावावरून मुलगा की मुलगी कळणार कसं?’ असं विचारतायत म्हणे. त्याची काळजी सोड. किरण मोरे यष्टिरक्षक, किरण बेदी पोलीस अधिकारी. सुहास पळशीकर राज्यशास्त्राचे अभ्यासक, सुहास जोशी अभिनेत्री. कुणाचं काही अडलं नाही. आपलं क्रियापदच सांगून टाकतं, ‘ऋत आला’ की ‘ऋत आली’. शिवाय संस्कृतात ‘ऋत’ नपुंसकलिंगी, त्यामुळे त्यावर एकट्या मुलाचा किंवा मुलीचा हक्क नाही.

खरा प्रश्न उच्चाराचा आहे, आणि त्याचा विचार बारशाआधीच व्हायला हवा. आपण मराठी माणसं ‘ऋ’ला ‘रु’ म्हणतो, हिंदीत तो ‘रि’ होतो. आपली अमृता इंग्रजीत यू लावते, तिकडची आय लावते, ते यामुळेच. म्हणजे तुझं बाळ घरात रुत आणि दाराबाहेर रित. बरं, तिकडे कुणी आपल्यासारखं ‘रुत’ म्हटलंच, तर ऐकणाऱ्याला ऋतू, मोसम असं वाटेल, कारण हिंदीत तो शब्द आहेच. माझं मत विचारशील तर घरचा उच्चार ‘रु’च ठेवा. बाहेरच्यांनी ‘रि’ म्हटलं तर ती त्यांच्या भाषेची रीत आहे, दर वेळी दुरुस्त करत बसू नका. मूल आपलं नाव आईच्या तोंडून शिकतं.

इंग्रजी अक्षरांत हे नाव जास्त अडतं. आर-यू-टी लिहिलं तर इंग्रजीत तो चाकोरीला आणि हरणांच्या माजाच्या काळाला वापरायचा शब्द आहे. उद्या मूल परदेशी शिकायला गेलं तर वर्गात चिडवतील. पुढे ए लावला की वाचणारा ‘रुता’ म्हणतो, आणि नाव सरळ मुलीचं होऊन बसतं. हिंदीच्या वळणाने आर-आय-टी-ए लिहिलं तर रीटा! शेवटचा अ आपण बोलताना गिळतो, रोमन लिपीत मात्र तो लिहिला तरी पंचाईत, गाळला तरी पंचाईत.

म्हणून सुचवते, ‘ऋतम’चा विचार कर. शब्द तोच, ऋग्वेदातला, फक्त शेवटी म आल्यामुळे तो अ मधे सुरक्षित राहतो. आर-यू-टी-ए-एम असं लिहिलं की वाचणारा फारसा चुकत नाही. आणि शुभम, शिवम मुलगे असतात तशा पूनम, नीलम मुली असतात, तेव्हा तुमचा मूळ हेतूही शाबूत. ‘ऋत’चा डौल थोडा कमी होतो, हे मान्य.

‘हे नाव फार कुणाचं नाही’ असं कुठल्याशा ॲपवर वाचलंस, त्यावर फार विसंबू नकोस. आपल्याकडे सरकार दरवर्षी नावांची यादी काढत नाही. अमेरिकेत काढतात, पण तिथेही वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव यादीत येत नाही, आणि प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात. वेगळं म्हणून ठेवलेली नावं काही वर्षांत एकाच हजेरीपटावर दोन-तीनदा आलेली मी पाहिली आहेत. वेगळेपणासाठी नको, आवडलंय म्हणून ठेव.

आता कागदाचं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नावाची जागा तेव्हा कोरी ठेवता येते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विलंब शुल्काशिवाय घालता येतं. म्हणून घाई करू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, तेव्हा पहिली नोंद चोख हवी. टंकलेखकाच्या हातून ‘ऋ’चा ‘रि’ नाहीतर ‘रु’ सहज होतो, कधी सवयीने ‘ऋतु’ही उमटतं. दोन्ही लिप्यांतलं नाव मोठ्या अक्षरांत लिहून न्या आणि पक्की नोंद होण्याआधी पडद्यावर एकेक अक्षर वाचा.

आणि बाळाच्या आत्याला आधीच सांगून ठेव. कानात ‘कुर्रर्र’ करून नाव पहिल्यांदा तीच घेणार, आणि ती इंदूरची! पाळण्यापाशी तिनेच ‘रितम’ म्हटलं की घरभर तेच होईल. नाव पक्कं झालं की कळव, दुपट्यावर भरायचंय.

तुझ्या
बाई